अंध व कर्णबधिरांची आरोग्यसेवा : कोसांचे अंतर आणि हाताचे अंतर

रोग्याची आणि डॉक्टरांची गाठ घालून देणे हे आरोग्यसेवेचे पहिले काम होय. वरवर पाहता हे काम सोपे वाटते. रस्ता बांधावा, मोटार सुरू करावी, गावोगाव उपकेंद्रे उघडावीत, म्हणजे रोगी आपोआप डॉक्टरांच्या पुढ्यात येऊन बसेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्याला दिसत नाही किंवा ज्याला ऐकू येत नाही असा रोगी डॉक्टरांच्या पुढ्यात येऊन बसला, तरी तो त्यांच्यापासून दूरच राहतो. दोघांच्या मध्ये फार तर हातभर अंतर असते. पण कोसांची वाट तुडवून आलेल्या त्या माणसाला हे हातभर अंतर काही केल्या ओलांडता येत नाही. अंध आणि कर्णबधिर यांच्या आरोग्यसेवेचा प्रश्न हा मुख्यतः या दोन अंतरांचा प्रश्न आहे. त्यांपैकी पहिले अंतर कसे तोडावे, याचा एक मोलाचा धडा आदिलाबाद जिल्ह्यात गिरविला गेला. आणि दुसरे अंतर कसे तुटेल याची खूणही त्याच धड्यात सापडते.

आदिलाबाद हा महाराष्ट्राच्या पाठीला पाठ लावून बसलेला जिल्हा. पैनगंगेच्या एका तीरावर विदर्भ, तर दुसऱ्या तीरावर आदिलाबाद. पूर्वी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो आंध्र प्रदेशात गेला, २०१४ साली तेलंगणात आला, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या विस्तीर्ण जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. राज्याची भाषा तेलुगू. परंतु सीमेलगतच्या कितीतरी घरांत मराठी बोलली जाते, बाजारात उर्दू चालते, आणि डोंगरांतील गुड्यांवर गोंडी व कोलामी या भाषा नांदतात. जिल्ह्याच्या गावापासून हैदराबाद शहर सुमारे ३०० किलोमीटर दूर. एके काळी डोळ्यांवर चांगला उपचार हवा असेल तर एवढी वाट चालावी लागे. आंधळ्या माणसाला ती एकट्याने चालता येत नाही. त्याच्याबरोबर घरातले एक कर्ते माणूसही दोन-चार दिवसांची मजुरी बुडवून निघाले पाहिजे. साहजिकच पुष्कळ जण निघतच नसत. म्हातारपणी डोळे जावयाचेच, असे म्हणून घरातील वडीलधारे माणूस पडवीतल्या खाटेवर बसून राही, आणि घरातली माणसेही हळूहळू ते सत्य धरून चालत.

ते सत्य नव्हते, हे पुढे आकड्यांनीच दाखवून दिले. १९९६ ते २००० या काळात त्या वेळच्या आंध्र प्रदेशात डोळ्यांच्या आजारांची एक मोठी पाहणी झाली. हैदराबाद शहर आणि पश्चिम गोदावरी, आदिलाबाद व महबूबनगर हे तीन ग्रामीण भाग मिळून १०,००० हून अधिक माणसांचे डोळे काळजीपूर्वक तपासण्यात आले. शंभरांत जवळजवळ दोन माणसे, नेमके सांगावयाचे तर १.८४ टक्के, अंध म्हणावी अशा अवस्थेत आढळली. परंतु या पाहणीतील खरा हृदयास भिडणारा आकडा तो नव्हे. या अंधांपैकी सुमारे साठ टक्के लोकांचे अंधत्व केवळ मोतीबिंदूमुळे किंवा चष्म्याचा नंबर न मिळाल्यामुळे आलेले होते. म्हणजे थोडक्या वेळाची एक शस्त्रक्रिया किंवा काचेचे दोन तुकडे एवढ्यावरच त्यांची दृष्टी अडून राहिली होती. गरीब घरांत, खेड्यांत आणि स्त्रियांमध्ये हे अंधत्व अधिक होते. रोगाला गरीब-श्रीमंत कळत नाही असे म्हणतात; पण उपचार मात्र कोणाकडे आधी पोहोचतो आणि कोणाकडे पोहोचतच नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

याच सुमारास, १९९६ साली, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आपले पहिले ग्रामीण नेत्ररुग्णालय उघडले, ते मुधोळ येथे. हे मुधोळ म्हणजे कर्नाटकातले संस्थानी मुधोळ नव्हे. बासरच्या सरस्वती-मंदिराच्या परिसरातले, त्या वेळच्या आदिलाबाद आणि आजच्या निर्मल जिल्ह्यातले हे गाव. रुग्णालयाला भोसले गोपाळराव पटेल यांचे नाव आहे. त्या नावावरूनच या भागाचे मराठी मुलखाशी असलेले नाते ध्यानात येते. संस्थेचे संस्थापक डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी मांडलेली कल्पना साधी होती. सगळ्यांनी शहरातील मोठ्या रुग्णालयाकडे धाव घ्यावी, याऐवजी सेवाच पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरावी. सुमारे पाच लाख लोकवस्तीमागे शस्त्रक्रियेची सोय असलेले एक रुग्णालय, पन्नास हजारांमागे एक दृष्टिकेंद्र, आणि पाच हजारांमागे घरोघर जाऊन विचारपूस करणारा एक कार्यकर्ता, अशी ही उतरंड. प्रत्येकाला मोठ्या रुग्णालयात जावे लागत नाही. बहुतेकांचे काम खालच्याच पायरीवर होते.

या योजनेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट इमारत नव्हे किंवा यंत्रेही नव्हेत. दृष्टिकेंद्रात बसणारा तंत्रज्ञ हा त्याच परिसरातला, शालेय शिक्षण पुरे केलेला तरुण किंवा तरुणी असते. एक वर्षाचे शिक्षण घेऊन ही मुले डोळे तपासावयास, चष्म्याचा नंबर काढावयास आणि कोणाला पुढे धाडावयाचे हे ओळखावयास शिकतात. येणाऱ्या म्हातारीची भाषा त्यांना येते, तिच्या गावची वाट ठाऊक असते, शस्त्रक्रियेची भीती तिच्या मनातून कशी काढावी हेही कळते. पुढे राज्य सरकारनेही तपासणी लोकांच्या दारी नेण्याची हीच दिशा धरली. तेलंगणात १५ ऑगस्ट २०१८ पासून ‘कंटी वेलुगु’, म्हणजे डोळ्यांचा उजेड, या नावाची मोहीम निघाली आणि तिच्या पहिल्याच फेरीत दीड कोटीहून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले. जानेवारी २०२३ मध्ये तिची दुसरी फेरी सुरू झाली.

गावातलाच माणूस तयार करावा आणि त्याच्या हाती विद्या द्यावी, ही रीत या जिल्ह्याला तशी नवीन नाही. १९४३ साली मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाई या डोंगरातल्या गावी गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारे केंद्र निघाले, आणि गोंडी भाषेतील पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. परक्या भाषेतून आलेली विद्या दारातूनच परत जाते. ती आपल्या माणसाच्या तोंडून आली म्हणजे घरात येऊन बसते. मार्लवाईला शाळेच्या बाबतीत जे उमगले, तेच मुधोळला डोळ्यांच्या बाबतीत उमगले.

येथवर पहिल्या अंतराची कथा झाली. परंतु ज्याची दृष्टी शस्त्रक्रियेने परत येण्यासारखी नाही, किंवा ज्याचे कान जन्मापासूनच बंद आहेत, त्याचे काय? त्यालाही ताप येतो, त्यालाही मधुमेह होतो, तिलाही बाळंतपण असते. तो दवाखान्यात येतो तो डोळ्यांसाठी किंवा कानांसाठी नव्हे, तर इतर सर्वांप्रमाणे पोटदुखीसाठी. आणि येथे दुसरे अंतर सुरू होते.

एखाद्या सीमेवरच्या गावातली एक कर्णबधिर गृहिणी डोळ्यांपुढे आणावी. ती सकाळी नाव नोंदवून बाकावर बसते. आतून नावे पुकारली जातात. तिचे नाव केव्हा पुकारले गेले आणि केव्हा मागे पडले, हे तिला कळत नाही. दुपारी खोली रिकामी झालेली दिसते तेव्हा ती उठते. डॉक्टर तोंडावर मुखपट्टी बांधून, कागदावर लिहिता लिहिता प्रश्न विचारतात. लहानपणापासून तिने ओठांवरून जे काही ओळखावयास शिकले ते मराठी ओठ आहेत. समोरचे बोलणे तेलुगूत आहे. क्ष-किरणाच्या खोलीत पलीकडून ‘श्वास रोखून धरा’ अशी सूचना येते. ती तिच्यापर्यंत पोहोचत नाही. प्रसूतीच्या वेळी ‘आता जोर लाव, आता थांब’ हे शब्द तिच्या डोक्याच्या मागून उच्चारले जातात. बरोबर आलेला दीर तिच्या वतीने उत्तरे देतो. परंतु स्त्रीच्या कितीतरी तक्रारी अशा असतात की, त्या दिरासमोर, किंवा बरोबर आणलेल्या आठ वर्षांच्या मुलासमोर, ती खुणेनेही सांगणार नाही. मग ती तक्रार तशीच पोटात राहते आणि घरी परत जाते.

आता एक अंध वृद्ध डोळ्यांपुढे आणावा. नावाचा पुकारा त्याला ऐकू येतो. पण कोणत्या दाराने आत जावयाचे ते कळत नाही. कोणी तरी मनगट धरून त्याला ओढीत नेते. ‘ही पांढरी गोळी सकाळी, ही गुलाबी रात्री’ असे औषध देणारा घाईघाईने सांगतो. त्याच्या हाताला दोन्ही पाकिटे सारखीच लागतात. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर अंगठा उमटवून घेतला जातो. वर काय लिहिले आहे हे वाचून दाखवावयास कोणाला सवड नसते. मधुमेहाच्या गोळ्यांची अदलाबदल झाली तर काय होईल, हे सांगावयास वैद्यकाची पदवी लागत नाही.

यांत कोणाचाही दुष्टपणा नाही. डॉक्टर कामाच्या ओझ्याखाली असतात, परिचारिकांना श्वास घ्यावयास फुरसत नसते. चूक आहे ती अशी की, येणारा प्रत्येक माणूस पाहतो आणि ऐकतो असे गृहीत धरून सर्व व्यवस्था बेतलेली असते. आणि न पाहणारे, न ऐकणारे लोक काही मोजके नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचे अपंगत्व असलेले ५० लाखांवर आणि श्रवणाचे अपंगत्व असलेलेही ५० लाखांवर लोक नोंदले गेले. वार्धक्याने ज्यांचे डोळे-कान मंदावले, पण ज्यांनी आपल्याला अपंग म्हणवून घेतले नाही, ते याहून वेगळेच.

कायद्याने आपले काम केले आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून देशभर लागू आहे. त्याचे पंचविसावे कलम सांगते की, अपंग व्यक्तींना शासनाने घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या मर्यादेनुसार मोफत आरोग्यसेवा द्यावी; सरकारी आणि खासगी अशा सर्वच रुग्णालयांत त्यांना अडथळ्यावाचून वावरता यावे; आणि तपासणीत व उपचारात त्यांना अग्रक्रम मिळावा. परंतु अडथळा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पायऱ्या येतात, आणि उतरण बांधली की काम झाले असे वाटते. अंधाचा आणि बधिराचा अडथळा पायरीचा नसतो, तो संवादाचा असतो. आणि संवादाला उतरण सिमेंटची बांधता येत नाही.

मग ती कशाची बांधावी? पहिली गोष्ट नोंदीची. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेत ऑगस्ट २०१६ पासून एक नियम लागू झाला. रोग्याला माहिती कोणत्या रूपात हवी, मोठ्या अक्षरांत, ब्रेलमध्ये की खुणांच्या भाषेत, हे त्याला विचारावे, त्याच्या कागदावर ठळकपणे नोंदवावे आणि तो ज्या ज्या खोलीत जाईल तेथे ती नोंद दिसावी. आपल्याकडे एवढा मोठा डोलारा उभारण्याची गरज नाही. केसपेपरच्या कोपऱ्यात कानाचे किंवा डोळ्याचे एक लहानसे चित्र शिक्क्याने उमटविले, तरी परिचारिकेपासून औषध देणाऱ्यापर्यंत सर्वांना न सांगता कळेल. चित्राला तेलुगू, मराठी किंवा उर्दू अशी भाषा नसते, हा त्याचा या जिल्ह्यातील विशेष फायदा.

दुसरी गोष्ट पुकाऱ्याची. क्रमांक तोंडाने पुकारावा आणि त्याच वेळी फळ्यावरही लिहावा. म्हणजे एक अंधासाठी आणि दुसरा बधिरासाठी. तिसरी गोष्ट बोलण्याची. ऐकू न येणाऱ्याशी ओरडून बोलण्याने ओठांचे आकार बिघडतात आणि समजत होते तेही समजेनासे होते. उजेडाकडे तोंड करून, मुखपट्टी क्षणभर बाजूला सारून किंवा पारदर्शक मुखपट्टी वापरून, साध्या आवाजात, एका वेळी एकच प्रश्न विचारावा. आणि सांगितलेले कळले की नाही, हे त्याच्याकडूनच खुणेने परत करून घ्यावे. नुसती मान हलली म्हणजे समजले असे नव्हे. क्ष-किरणाच्या किंवा प्रसूतीच्या खोलीत जाण्यापूर्वी ‘थांब’, ‘श्वास धर’, ‘जोर लाव’ या तीन-चार खुणा आधीच ठरवून घ्याव्यात. पुढचे सारे काम सोपे होते. अंधाच्या बाबतीत आधी आपले नाव सांगावे, मग हात लावावा. त्याला ओढीत न नेता त्याचा हात आपल्या कोपरावर ठेवून आपण अर्धे पाऊल पुढे चालावे. आणि ज्याला दिसतही नाही व ऐकूही येत नाही, त्याच्याशी बोलावयाचे ते स्पर्शानेच. तेव्हा त्याच्या घरचे माणूस क्षणभरही दूर करू नये.

चौथी गोष्ट औषधाची. युरोपीय संघाने २००४ सालच्या निर्देशाने औषधाच्या खोक्यावर त्याचे नाव ब्रेलमध्ये उमटविणे आवश्यक ठरविले. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ साली स्वीकारली गेली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण उतारवयात दृष्टी गेलेल्या खेडुताला ब्रेल कोठून येणार? त्याच्यासाठी सकाळच्या गोळ्यांच्या पाकिटाला एक रबर, रात्रीच्या पाकिटाला दोन रबर, आणि बाटलीला दोऱ्याची गाठ, एवढी योजना पुरते. औषध देणाऱ्याने ती त्याच्या हाताने चाचपून घ्यावी, म्हणजे झाले.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसाची. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत १०,००० शब्दांचा सांकेतिक कोश सिद्ध केला असून त्यात वैद्यकातील शब्दही आहेत. फोनवर चित्र पाहत दुभाष्याशी संवाद साधणे आज अशक्य राहिलेले नाही. तथापि, ज्याने बधिरांच्या शाळेचे तोंडही पाहिले नाही, अशा गुड्यावरच्या माणसाला ही सांकेतिक भाषा ठाऊक नसते; त्याच्या खुणा त्याच्या घरातल्या असतात. त्या शहरातल्या दुभाष्याला कळणार नाहीत. त्याच्या वाडीतल्या कार्यकर्तीला कळतील. गावोगावच्या ‘आशा’ कार्यकर्तीला आपल्या गावात दिसत नसलेले आणि ऐकू येत नसलेले कोण कोण आहेत, हे तोंडपाठ असते. तिला थोड्या दिवसांचे शिक्षण देऊन, अशा रोग्याबरोबर दवाखान्यात येण्याचे काम सोपविले आणि त्याचा योग्य मोबदला दिला, तर दिरासमोर जे बोलता येत नाही ते त्या गृहिणीला तिच्यासमोर सांगता येईल. मुधोळने डोळ्यांसाठी जो गावातला तंत्रज्ञ घडविला, त्याच्याच पाठचे हे भावंड होय.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अंतर आहे, ते वेळेचे. जन्मतः बहिरे असलेले मूल सहा महिन्यांच्या आत ओळखले जाऊन त्याला श्रवणयंत्र व शिक्षण मिळाले, तर त्याला भाषा येते. ते चार-पाच वर्षांचे होईपर्यंत ‘उशिरा बोलेल’ म्हणून वाट पाहिली, तर तो काळ परत येत नाही. बालपणातील बहिरेपणापैकी सुमारे साठ टक्के टाळता येण्यासारखा असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाहणारा कान ही खेड्यात किरकोळ बाब समजली जाते. तो कापसाने पुसून शाळेत धाडला जातो, आणि मूल ‘ढ’ ठरते. शाळा-अंगणवाड्यांतून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातल्याच पालघर येथून सुरू झाला. तपासणीचे पथक गावात येईल त्या दिवशी कान वाहणारे मूल घरी राहू नये, एवढी काळजी आई-बापांनी आणि गुरुजींनी घेतली, तरी कितीतरी मुलांचे कान वाचतील.

या सर्व सूचनांचा हिशेब केला, तर त्यांत खर्चाचा भाग किती थोडा आहे, हे श्रोत्यांच्या ध्यानी आलेच असेल. एक शिक्का, एक फळा, थोडे रबर, ठरविलेल्या चार खुणा, आणि गावातल्या एका शहाण्या बाईचा दिवसभराचा वेळ. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या दवाखान्यांना हे उद्यापासून करता येण्यासारखे आहे. कोसांचे अंतर तोडावयास सरकार लागते, संस्था लागते, पैसा लागतो, आणि वर्षे लागतात. हाताचे अंतर तोडावयास, समोर बसलेल्या माणसाला पाहता किंवा ऐकता येत नाही एवढे ओळखून, एक हात पुढे करावा लागतो. मुधोळसारख्या खेड्यात शस्त्रक्रिया होऊ शकेल, हे १९९६ पूर्वी कोणाला खरे वाटले नसते; ते झाले. त्या मानाने बाकावर बसून राहिलेल्या त्या गृहिणीला तिचा क्रमांक आला हे सांगणे, ही काही अवघड गोष्ट नव्हे.